मधली सुट्टी आणि मजुरीतील कपात : कवठे महांकाळच्या संदर्भात एक आढावा

कामाच्या दिवसात जेवणासाठी मिळणारा अर्धा तास कोणाच्या खात्यावर धरायचा आणि ठरलेल्या मजुरीतून मालकाला कशासाठी व किती कापता येते, हे दोन प्रश्न कायद्याच्या पुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत आढळत असले, तरी कामगाराच्या हाती पडणाऱ्या रकमेच्या दृष्टीने ते एकाच हिशेबाचे भाग आहेत. जेवणाची सुट्टी न देता तो वेळ कामाच्या तासांतून वजा केला, तर तीही एक कपातच ठरते. आणि उशीर, नुकसान किंवा गैरहजेरीच्या नावाने मजुरी कापली जाईल अशी धास्ती असेल, तर कागदावर असलेली सुट्टी कामगार प्रत्यक्षात घेत नाही. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील कवठे महांकाळ या अवर्षणप्रवण तालुक्यात हा हिशेब विशेष गुंतागुंतीचा होतो, कारण तेथील श्रमांपैकी फार थोडे घड्याळावर मोजले जातात. द्राक्षबागेतील छाटणी आणि विरळणी, बेदाण्याच्या शेडवरील वाळवणी व निवडणी, ऊसतोडणी, बाजारातील हमाली आणि रस्त्याकडेची दुकाने व हॉटेले यांतील कामे कधी हजेरीवर, कधी वजनावर, कधी एकरावर तर कधी टनावर ठरतात, आणि एकाच घरातील माणसे वर्षभरात यांपैकी दोन-तीन प्रकारच्या कामांवर जात असल्याने त्यांच्या दुपारच्या भाकरीच्या वेळेचे कायदेशीर स्वरूपही हंगामागणिक बदलत राहते.

अर्ध्या तासाचा इतिहास

दुपारच्या सुट्टीची मागणी महाराष्ट्रात प्रथम संघटितपणे मांडली गेली ती मुंबईच्या कापड गिरण्यांत. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने केवळ बालकामगारांचे तास व विश्रांती यांना मर्यादा घातली होती आणि प्रौढ कामगार त्या कायद्याच्या बाहेरच राहिले होते. सत्यशोधक कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन जे निवेदन तयार केले, त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त या मर्यादेत ठेवणे, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत देणे आणि कामावर जखमी झालेल्याला भरपाई देणे, अशा त्यातील मागण्या होत्या. विश्रांतीची वेळ आणि पगाराची तारीख या दोन गोष्टी एकाच निवेदनात शेजारी-शेजारी याव्यात, हे त्या काळच्या गिरणीतील परिस्थितीला धरूनच होते, कारण थकवलेला पगार हा कामगाराला गिरणीशी बांधून ठेवण्याचा उपाय होता आणि असा बांधलेला कामगार विश्रांतीसाठी भांडू शकत नव्हता. १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या सुधारित कायद्याने आठवड्याच्या सुट्टीबरोबरच दुपारच्या अर्ध्या तासालाही कायद्याचे रूप दिले.

त्यानंतरची वाटचाल मुख्यतः कामाचे एकूण तास कमी करण्याची होती. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ मध्ये झाली आणि तीच मर्यादा १९४८ च्या कारखाने अधिनियमात कायम राहिली. या अधिनियमाच्या ५५ व्या कलमानुसार किमान अर्ध्या तासाची विश्रांती दिल्याशिवाय कोणत्याही प्रौढ कामगाराकडून सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नव्हते. ५६ व्या कलमाने ‘कार्यविस्तार’, म्हणजे कामाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा विश्रांतीसह एकूण कालावधी, साडेदहा तासांपुरता मर्यादित केला. या दुसऱ्या कलमाचे महत्त्व पुष्कळदा दुर्लक्षिले जाते. विश्रांती कामाच्या तासांत धरली जात नाही, हे एकदा मान्य केले की मालकाला दुपारची सुट्टी दोन-तीन तास ताणून कामगाराला दिवसभर आवारात अडकवून ठेवणे शक्य होते, आणि ती पळवाट कार्यविस्ताराची मर्यादा बंद करते.

सुट्टीचे पैसे कोणाचे

भारतीय कायद्याने विश्रांती सक्तीची केली. तिचे पैसे द्यावेत की नाही, याबाबत मात्र तो थेट काही सांगत नाही. मासिक पगार किंवा दिवसाची मजुरी ठरलेली असेल तर हा प्रश्न उद्भवत नाही, कारण मोबदला संपूर्ण दिवसाचा असतो आणि जेवणाचा अर्धा तास त्यात सामावलेला असतो. तासावर मजुरी असेल तर तो अर्धा तास बिनपगारी धरण्याचा प्रघात आहे. परंतु असा वेळ बिनपगारी धरायचा असेल तर तो खरोखर कामगाराच्या ताब्यात असला पाहिजे, ही अट त्यात गृहीत आहे. यंत्रावर लक्ष ठेवत किंवा गिऱ्हाईक आल्यास उठण्याच्या तयारीने डबा उघडणारा कामगार विश्रांती घेत नसून कामच करत असतो, आणि ते काम ठरलेल्या तासांपलीकडे गेले तर कारखान्यांच्या बाबतीत त्याला १९४८ च्या अधिनियमाच्या ५९ व्या कलमाप्रमाणे दुप्पट दराने अतिकालिक भत्ता मिळण्याचा हक्क उत्पन्न होत असे. उक्त्यावर, म्हणजे नगावर किंवा वजनावर काम करणाऱ्या कामगारालाही हा हक्क होता आणि त्यासाठी त्याच्या आधीच्या महिन्यातील पूर्णवेळ कामाच्या सरासरी कमाईवरून दर काढण्याची पद्धत त्याच कलमात दिलेली होती.

इतर देशांतही उत्तरे एकसारखी नाहीत. अमेरिकेचा संघीय कायदा जेवणाची सुट्टी देण्याची सक्तीच करत नाही. मात्र ती दिली आणि त्या काळात कामगार कामातून पूर्ण मोकळा असेल, तर साधारण अर्ध्या तासाचा वेळ बिनपगारी धरण्याची मुभा देतो. युरोपीय संघाचा २००३ चा कार्यवेळ-निर्देश सहा तासांहून मोठ्या कामाच्या दिवसात विश्रांती आवश्यक मानतो, पण तिचा कालावधी व शर्ती सामूहिक करार आणि राष्ट्रीय कायदे यांवर सोपवतो. भारतात याहून उदार तरतूद कारखान्यांच्या कायद्यात न आढळता ग्रामीण रोजगाराच्या कायद्यात आढळते. सांगली जिल्ह्यातीलच विसापूर परिसरात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ च्या सुमारास ज्या कल्पनेचा प्रयोग झाला, तिच्यातून राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली आणि पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला तिची प्रेरणा मिळाली. त्या राष्ट्रीय कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत कामाचे दर ठरवताना आठ तासांचा दिवस धरला होता आणि त्या आठ तासांत एक तास विश्रांतीचा समाविष्ट होता. दुष्काळी कामावर माती उपसणाऱ्या मजुराची विश्रांती अशा रीतीने मजुरीच्या आत धरली गेली, तर कारखान्यातील कामगाराची विश्रांती कामाच्या तासांबाहेरच राहिली.

दुकाने व हॉटेले यांच्यासाठी महाराष्ट्रात वेगळा कायदा आहे. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमाने पाच तासांनंतर एका तासाची विश्रांती ठेवली होती. त्याची जागा घेणारा २०१७ चा महाराष्ट्र अधिनियम त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अमलात आला, तेव्हा ही विश्रांती अर्ध्या तासावर आली आणि काही नोंदी वगळता कायद्याचा मुख्य भाग दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता मर्यादित झाला. तालुक्याच्या गावातील किराणा दुकान, कापडदुकान, खानावळ किंवा बेकरी येथे दहा कामगार सहसा नसतात. त्यामुळे या बदलाने मोठ्या शहरातील मॉलपेक्षा कवठे महांकाळच्या पेठेतील नोकराच्या दुपारच्या सुट्टीचा आधार अधिक काढून घेतला.

अगदी अलीकडे या क्षेत्रात दोन मोठे बदल झाले आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्याच्या, पहिली विश्रांती पाचऐवजी सहा तासांनंतर देण्याच्या आणि तिमाहीतील अतिकालिक कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली. त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चार कामगार संहिता अमलात आणल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता दिवसाचे आठ तास मूळ कलमात सांगते, पण मधली विश्रांती व कार्यविस्तार किती असावा हे सरकारच्या अधिसूचनेवर सोपवते. १८९१ पासून कायद्याच्या मजकुरात असलेला अर्धा तास आता शासकीय अधिसूचनेच्या पातळीवर आला आहे, आणि विधिमंडळात चर्चा न होता तो बदलला जाऊ शकतो, हा या स्थित्यंतराचा सर्वांत गंभीर अर्थ आहे. तरीही औद्योगिक विवाद कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतील एक जुनी तरतूद औद्योगिक संबंध संहितेतही टिकून आहे, ती अशी की कामाचे तास व विश्रांतीच्या वेळा यांत कामगारांच्या हिताविरुद्ध बदल करावयाचा असेल तर मालकाने २१ दिवसांची पूर्वसूचना दिली पाहिजे.

कपातीची चौकट

मजुरीतून कापण्यावर मर्यादा घालणारा कायदा विश्रांतीच्या कायद्याहून जवळजवळ अर्ध्या शतकाने उशिरा आला. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही श्रम आयोगाने, ज्याचे ना. म. जोशी हे एक सदस्य होते, १९३१ च्या अहवालात दंड आणि कपात यांच्या अनिर्बंध वापराकडे लक्ष वेधले आणि त्यातून १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम आला. ज्या कारणांची यादी कायद्यात आहे त्यांव्यतिरिक्त कोणत्याही कारणासाठी मजुरी कापता येणार नाही, हे त्याचे मूलतत्त्व होते. दंडाची मर्यादा तेव्हा रुपयाला अर्धा आणा अशी होती, जी पुढे तीन टक्के झाली. आता हा अधिनियम वेतन संहिता, २०१९ मध्ये विलीन झाला असला तरी तिच्या १८ ते २४ या कलमांत तीच चौकट कायम आहे. एक महत्त्वाचा फरक असा की जुन्या कायद्याचा लाभ महिना २४,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांनाच होता, तर संहिता सर्व कर्मचाऱ्यांना लागू होते.

या चौकटीतील कपातींपैकी तीन सर्वसामान्य कामगाराच्या दृष्टीने मोलाच्या आहेत. पहिली गैरहजेरीची; ती गैरहजर राहिलेल्या वेळेच्या प्रमाणातच करता येते, म्हणजे अर्धा तास उशीर झाला म्हणून अर्धी हजेरी कापणे हे या तत्त्वाला सोडून आहे. याला अपवाद एवढाच की दहा किंवा अधिक कामगार पूर्वसूचना व वाजवी कारण नसताना संगनमताने गैरहजर राहिले तर कमाल आठ दिवसांची मजुरी कापता येते. संपाच्या बाबतीत न्यायालयांनी मालकाला अधिक मोकळीक दिली आहे. मुंबईतून गेलेल्या बँक ऑफ इंडिया विरुद्ध केलावाला या प्रकरणात कर्मचाऱ्यांनी दिवसातील चार तास काम बंद ठेवले असता बँकेने पूर्ण दिवसाचे वेतन कापले होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये अशी कपात परिस्थितीनुसार योग्य ठरू शकते असा निर्वाळा दिला. दुसरी कपात दंडाची. ज्या कृत्यांची यादी आधी मंजूर करून कामगारांच्या नजरेस पडेल अशी लावलेली असेल त्यांच्यासाठीच, कामगाराचे म्हणणे ऐकून, त्या वेतनकाळातील मजुरीच्या तीन टक्क्यांपर्यंतच दंड करता येतो आणि तो हप्त्यांनी वसूल करता येत नाही. तिसरी कपात नुकसानीची. कामगाराच्या थेट निष्काळजीपणामुळे त्याच्याकडे सोपवलेल्या मालाचे नुकसान झाले असेल तरच, प्रत्यक्ष हानीच्या मर्यादेत, आणि येथेही त्याला बाजू मांडण्याची संधी देऊनच ती करावयाची असते. या सर्व कपाती मिळून एका वेतनकाळातील मजुरीच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत.

शेड, बाग आणि फड

हे नियम कवठे महांकाळच्या कामांना लावून पाहिले असता प्रत्येक ठिकाणी वेगळी अडचण दिसते. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या पाण्यामुळे विस्तारलेल्या द्राक्षशेतीबरोबर तालुक्यात बेदाण्याच्या शेडही वाढल्या. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. फेब्रुवारीनंतरच्या हंगामात द्राक्षे द्रावणात बुडवून जाळ्यांवर पसरणे, वाळल्यावर झाडणे, काडी काढणे, धुणे, प्रतवारी करणे आणि पेट्या भरणे अशी कामे तेथे चालतात. बागेत जाळीवर वाळवणे शेतीचा भाग म्हणता येईल. परंतु वीज वापरून धुणे, निवडणे आणि बांधणे ही कारखाने अधिनियमाच्या व्याख्येतील ‘उत्पादन प्रक्रिया’ ठरू शकते आणि शीतगृहात माल साठवण्याचा तर त्या व्याख्येत स्पष्ट उल्लेख होता. तथापि महाराष्ट्राने २०१५ मध्ये कारखाना ठरण्यासाठीची किमान कामगारसंख्या विजेसह दहावरून वीस आणि विजेविना वीसवरून चाळीस केली व नव्या कार्यस्थिती संहितेनेही तेच आकडे स्वीकारले; परिणामी पंधरा बायका निवडणीला बसलेली शेड कारखान्याच्या विश्रांतीविषयक तरतुदींच्या बाहेर पडते. तेथे किलोवर मजुरी असेल तर दुपारची सुट्टी कोणी नाकारत नाही, पण त्या सुट्टीची किंमत कामगार आपल्या कमी भरलेल्या वजनाने मोजतो, आणि माल खराब निघाला म्हणून वजनात धरलेली घट ही नुकसानीची कपात असूनही तिला कोणी कपात म्हणत नाही.

ऊसतोडणीत कपातीचे रूप सर्वांत उघडे आहे. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल टनामागच्या मजुरीतून फिटत जाते आणि टोळीतील कोयता, म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी, एखाद्या दिवशी फडावर आली नाही तर तिच्यावर ‘खाडा’ लावला जातो. कायद्याच्या दृष्टीने पाहता टनावर मजुरी घेणाऱ्याने काम केले नाही तर त्या दिवसाची कमाई आपोआपच बुडते. त्यावर आणखी लावलेला खाडा ही गैरहजेरीची कपात न राहता दंड ठरतो, आणि त्याला पूर्वमंजूर यादी, सुनावणी व तीन टक्क्यांची मर्यादा या तिन्ही अटी लागू व्हायला हव्यात. आजारपणातही खाडा लागतो, या वस्तुस्थितीची चर्चा २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली तेव्हा राज्यभर झाली. उचलीबाबतही वेतन संहितेचे म्हणणे स्पष्ट आहे: नोकरीपूर्वी दिलेली आगाऊ रक्कम पहिल्या पूर्ण वेतनकाळाच्या मजुरीपासून वळती करता येते, पण प्रवासखर्चासाठी दिलेली आगाऊ रक्कम वसूल करता येत नाही आणि वेतनकाळ एका महिन्याहून मोठा असू शकत नाही. हंगाम संपेपर्यंत हिशेबच न करण्याची रीत या तिन्ही तरतुदींना निष्प्रभ करते, कारण मजुरी दरमहा दिलीच गेली नाही तर निम्म्याची मर्यादा लावायची कशाला, हा प्रश्न उरतो.

मध्यस्थाने मजुरीतून कापून घेण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धा प्रकरणात आला होता. दिल्लीतील बांधकामांवर दिवसाची किमान मजुरी सव्वानऊ रुपये असताना जमादार त्यातील एक रुपया दलाली म्हणून ठेवून घेत होते. किमान मजुरीहून कमी मोबदल्यावर काम करावे लागणे हे राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेले सक्तीचे श्रम आहेत, असे न्यायालयाने ठरवले. जमादार आणि मुकादम यांच्या भूमिका बऱ्याच अंशी सारख्या असल्याने हा निकाल फडावरील मजुरालाही लागू पडण्यासारखा आहे.

नोंदीचा प्रश्न

या सर्व तरतुदी शेवटी एका गोष्टीवर अवलंबून राहतात, ती म्हणजे लेखी हजेरी. वेतन संहितेच्या ५९ व्या कलमाने कपात किंवा अपुऱ्या मजुरीच्या दाव्यात पैसे दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे, दावा करण्याची मुदत तीन वर्षांची आहे आणि सक्षम अधिकारी दाव्याच्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. हे बदल कामगाराच्या बाजूचे आहेत. परंतु शेतीसाठी पाच किंवा त्याहून कमी माणसे ठेवणाऱ्या मालकाला नोंदवही ठेवण्यापासून सूट आहे, आणि त्याहून मोठी टोळी बागेत आली तर नोंदवही शेतकऱ्याने ठेवायची की टोळी आणणाऱ्याने, हा वाद प्रत्यक्षात सुटत नाही. मालकच कोण हे सिद्ध करता आले नाही तर सिद्धतेचा भार मालकावर असल्याचा उपयोग राहत नाही. शिवाय तक्रार करायची तर सांगली गाठावी लागते, आणि बुडालेल्या अर्ध्या हजेरीसाठी पूर्ण हजेरी बुडवणे कोणालाही परवडत नाही.

महाराष्ट्राकडे यावर स्वतःचे एक उत्तर आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून आलेल्या १९६९ च्या माथाडी कायद्याने अनेक व्यापाऱ्यांकडे थोडा-थोडा वेळ काम करणाऱ्या हमालासाठी मंडळ निर्माण केले. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरतो, नोंद मंडळ ठेवते आणि लेव्हीचा बोजा हमालाच्या मजुरीवर पडत नाही. पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने १९७४ मध्ये सुरू केलेल्या ‘कष्टाची भाकर’ या उपक्रमाने तर जेवणाच्या सुट्टीला परवडणाऱ्या जेवणाची जोड दिली. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथराव मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेले महामंडळ उसाच्या टनावर निधी गोळा करते. मात्र मजुरीचा हिशेब अजूनही मुकादमाच्या वहीत राहतो. हा हिशेब महामंडळाच्या किंवा माथाडी मंडळाच्या धर्तीवरील तालुका यंत्रणेच्या नोंदीत आला, तर उचल, खाडा आणि दर तिन्ही तपासता येतील.

समग्र विचार करता, १८८४ च्या निवेदनात विश्रांती आणि पगार यांची जी सांगड होती, ती नंतरच्या कायद्यांनी दोन प्रकरणांत विभागली आणि दोन्ही प्रकरणे हजेरीपटावर नाव असलेल्या कामगारासाठीच लिहिली गेली. नव्या संहितांनी कपातीचे संरक्षण सर्वांपर्यंत नेले, पण त्याच वेळी विश्रांतीचा अर्धा तास अधिसूचनेच्या हवाली केला. राज्याच्या अधिसूचनेत पाच तासांनंतरचा अर्धा तास कामगारसंख्येची अट न घालता कायम ठेवणे, उक्त्या कामाचे दर ठरवताना विश्रांतीचा वेळ रोजगार हमीप्रमाणे दराच्या आत धरणे आणि प्रत्येक टोळीच्या मजुरीची चिठ्ठी मासिक व लेखी करणे, या तीन गोष्टींसाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही. अस्तित्वात असलेल्या नियम करण्याच्या अधिकारांतच त्या बसतात, आणि त्या झाल्याशिवाय कवठे महांकाळच्या शेडवरील किंवा फडावरील मजुराला या दोन्ही हक्कांचा दावा करता येणार नाही.